वाळूच्या बादल्या आणि माझा लॅपटॉप

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचंही काही बोलले नाहीत. गच्चीवरच्या त्या एकट्या खोलीचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "आग लागली तं कोठून पळशीन?"

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण ते किल्ली हातात धरून उत्तराची वाट बघत उभे होते.

"जिन्यानं," मी म्हणाले.

"आन् जिनाच जळून राहिला असन तं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या घराची गच्ची हातभरच लांब होती. "तिकडून. उडी मारून."

"साडीत?"

"मी साडी नेसत नाही, काका."

तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट न्याहाळलं. "मंग ठीक हाये," म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

मी परतवाड्याची. अकोल्याला पीएच.डी.साठी राहत होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला जो खारपाणपट्टा आहे, जिथं विहीर खणली तरी पाणी खारट लागतं, तिथल्या विहिरींचे नकाशे करायचे हा माझा विषय. स्कूटीवरून गावोगाव हिंडायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, आणि घरी येऊन सगळं लॅपटॉपवर चढवायचं. काम एकटीचं होतं, आणि गच्चीवरची एकटी खोली मला हवीच होती. खाली काका-काकू दोघंच. त्यांची मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली होती.

काका महापालिकेच्या अग्निशामक दलातून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना 'फायरवाले' म्हणत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी वाळूनं भरलेली लाल बादली ठेवली होती. गल्लीतल्या मांजरांनी त्या बादल्यांचा जो उपयोग करायचा तो केला होता, म्हणून काका दर रविवारी वाळू चाळत. एका बादलीत काकूंनी कोथिंबीर लावली. त्यावरून दोन दिवस अबोला होता. काकूंचं म्हणणं, "लागन तवा लागन तुमची आग. तवरोक वरणात टाकाले तं होईन!"

लग्नाकार्यात काका जेवायला बसत नसत, आधी मांडवाची फेरी मारत. जनरेटर कुठं आहे, भटारखान्याची भट्टी कनातीपासून किती लांब आहे, बाहेर पडायची वाट किती रुंद आहे, हे पाहून झालं की दाराजवळची खुर्ची पकडत. दिवाळीत अंगणात ओलं पोतं घेऊन उभे राहत आणि शेजारची मुलं मुद्दाम त्यांच्यासमोर भुईनळे लावत. घरातली कोणतीही वस्तू ते हात उलटा करून, बोटांच्या पाठीनं चाचपत. इस्त्री, बटन, मिक्सर, देवापुढच्या माळेचे दिवे. तळहात खोटं बोलतो म्हणत, कामानं मेलेला असतो. हाताची पाठ खरं सांगते.

आणि एक सवय अशी होती की तिच्यामुळं मी घर सोडायच्या बेतात आले. बाहेर पडताना ते मेन स्विच बंद करत. वर मी असले तरी. काकूंना घेऊन भाजीला गेले की माझा पंखा बंद, कूलर बंद, आणि लॅपटॉपची बॅटरी इतकी म्हातारी झाली होती की वीज गेल्यावर ती थोडा वेळच तग धरायची. दोनदा माझं काम असं गेलं. तिसऱ्यांदा मी खाली जाऊन भांडले.

"काका, मी वर असते ना! जिवंत माणूस असते!"

"म्हणून तं बंद करतो," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं हे अगदी उघड होतं.

शेवटी काकूंनी तोडगा काढला. बाहेर जाताना त्या खालून हाक मारत, "हायेस का वं?" आणि मी 'आहे' म्हटलं तर स्विच चालू राही. पण मग काका अर्ध्या वाटेतून परत येत. नुसतं बघून जायला.

लॅपटॉपचं दुखणं एप्रिलमध्ये सुरू झालं. अकोल्याचा एप्रिल, त्यात सगळंच तापलेलं असतं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग नकाशा उघडायला लागणारा वेळ वाढत गेला. बाण हलवला की तो मागाहून, विचार केल्यासारखा हले. आतला पंखा सतत घरघरत राही, आणि डाव्या हाताखालची बटणं इतकी तापत की मी बोटांखाली रुमाल धरून टाईप करू लागले. प्रबंध जूनच्या सुरुवातीला द्यायचा होता. माझ्या गाईड मॅडम स्वभावानं वाईट नव्हत्या, पण आधीच एकदा मुदत वाढवून घेतली होती आणि त्या दर दोन दिवसांनी एकच प्रश्न विचारत, "झालं का?" मैत्रिणी म्हणाल्या, फाईली काढून टाक. काढल्या. व्हायरस बघ. पाहिला. मागं काय काय चालू आहे ते बंद कर. केलं. रोज सकाळी बटन दाबताना एकच प्रश्न, आज चालू होतो का नाही.

पंख्याची घरघर काकांनी खालून ऐकली. छतातून. एका दुपारी दारात येऊन उभे राहिले.

"हे काय वाजून राहिलं?"

"लॅपटॉप आहे, काका. गरम होतो थोडा."

"कशापेक्षा?"

"म्हणजे?"

"कशापेक्षा गरम? कालच्यापेक्षा? चहाच्या कपापेक्षा? कोठं गरम? डाव्या अंगाले का उजव्या? चार्जिंगले लावल्यावर का बिना लावल्यावर?"

मी वैतागले होते, पण उत्तरं देता देता माझ्याच लक्षात आलं की मी यातलं काही नीट पाहिलेलंच नाही. आणि लॅपटॉप मी गादीवर ठेवून काम करत होते. काकांनी हाताची पाठ त्याच्या बुडाला लावली, चटकन काढली, आणि म्हणाले, "याचं तोंड दाबून ठेवलं तू. श्वास कोठून घेईन थो?" त्यांनी खालून सागाची फळी आणली, वर फरशीचे तुकडे ठेवले आणि त्यावर लॅपटॉप बसवला. घरघर खरंच जराशी कमी झाली. मी त्यांना चहा दिला. ते खूष झाले, आणि हाच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर लॅपटॉप कूलरच्या पुढ्यात, आणि त्याच्याभोवती ओल्या पोत्याचा पडदा. काका शेजारी उभे राहून पोत्यावर पाणी शिंपडत होते. बटणांवर दव पडल्यासारखे थेंब होते.

मी किंचाळलेच. पुसला, उलटा केला, बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काळा पडदा.

"काका, यात माझी दोन वर्षं आहेत! तुम्ही हात लावू नका याला. खोलीत पण येऊ नका."

त्यांनी पोतं उचललं आणि खाली गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी काकू ताट झाकून वर आल्या, माझ्या पलंगावर बसल्या, आणि मला वाटलं आता आपल्याला बोलणी बसणार. पण त्या वेगळंच बोलू लागल्या.

"तुले काय वाटते, हे शिडीवर चढत होते? पाणी मारत होते?"

"फायर ब्रिगेडमध्ये होते ना?"

"होते. फोनवर. सारी नोकरी फोनवर केली यायनं. एक दिवस गाडीवर नाही गेले. लोकं फोन करत, आग लागली, आग लागली, एवढंच कल्ला करत. मंग हे विचारत, कोठं लागली, काय जळून राहिलं, आत कोण हाये, निंघाले वाट कोठून हाये. पत्ता घेतला का घंटी वाजवत. गाडी जाये. आन् हे तिथंच. त्या खोलीत, फोनपाशी."

काकूंनी ताटावरचं झाकण सारखं केलं.

"एकडाव जिनिंगमधून एका माणसाचा फोन आला. कापसाले आग लागली होती. त्यानं पत्ता सांगितला, आन् फोन ठेवलाच नाही. बाजूले टाकून पयाला. यायनं कानाचा फोन काढला नाही. सारं आयकत बसले. गाडी पोचेपर्यंत."

"तो माणूस?"

"वाचला म्हणतात. सगळ्यायनं सांगितलं, वाचला. यायले पटत नाही. आवाज आयकला ना, माणूस नाही पायला."

खाली अंगणात काका बादलीतली वाळू चाळत होते. रविवार नव्हता.

लॅपटॉप दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर, चालू झाला. मी तडक बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं खालचं झाकण उघडलं तर आतल्या पंख्यावर धुळीची आणि कापसाच्या तंतूंची लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट गादी बसलेली. अकोल्यात हवेतही कापूस असतो. त्यानं ती खरवडून काढली, उष्णता ओढून घेणारा आतला लेप वाळला होता तो पुसून नवा लावला, आणि म्हणाला, "बॅटरी थकली आहे, ताई. नवी मागवावी लागेल. तोवर चार्जर लावून चालवा."

आणि लॅपटॉप चालू लागला! पंखा गप्प, नकाशे झरझर. मी इतकी निर्धास्त झाले की चार्जर कधी काढलाच नाही. दिवसभर नकाशे, संध्याकाळी नकाशे. पेन ड्राइव्हवर प्रत करायची राहत गेली. जुनी एक होती, मार्चमधली. त्यानंतरची गावं, विहिरी, तपासण्या, सुधारलेली प्रकरणं, सगळं त्या एका डब्यात.

काका आता खोलीत येत नसत. पण उंबऱ्यापाशी येऊन उभे राहत, हात मागे बांधून, आणि लॅपटॉपकडे नुसतं बघत. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे. मी 'या' म्हणायची. ते 'नाही' म्हणून मान हलवायचे.

मे संपत आला होता. त्या दुपारी मी शेवटचा मोठा नकाशा करायला लावला होता, साऱ्या पट्ट्याचा एकत्र. तो एकदा सुरू झाला की बराच वेळ चाले, आणि मध्ये थांबवला तर पहिल्यापासून. काका उंबऱ्यात आले. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे काहून डुलून राहिलं?"

"काय?"

"लॅपटॉप. तू टाईप केलं का डुलते. काल तं फळीवर चारी पायानं टेकून होतं."

मी हात ठेवला. खरंच, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, जराशी, पण डुलत होता. बाण हलवायची जी सपाट पट्टी असते ती मधे उचलल्यासारखी झाली होती आणि दाबली जात नव्हती. सकाळपासून ती अडते आहे हे मला जाणवलं होतं. मी दुर्लक्ष केलं होतं.

काका उंबरा ओलांडून आत आले. हाताची पाठ खालून लावली. ती त्यांनी या वेळी चटकन काढली नाही.

"पोट फुगलं याचं," ते म्हणाले. "आत बॅटरी फुगली असन. चार्जर काढ."

"काका, नकाशा चालू आहे. काढला तर बॅटरी टिकणार नाही. उद्या मॅडमना—"

"यात काय काय हाये?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, बहुतेक रडवेल्या आवाजात. विहिरींबद्दल, गावांबद्दल, मार्चनंतर केलेल्या कामाबद्दल. मला वाटलं ते खाली जाऊन मेन स्विच पाडणार. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"नकाशा जाऊ दे," ते म्हणाले. "थो पुन्हा होते. माहिती पुन्हा होत नाही. चार्जर काढ, हे भाईर घे, आन् कॉपी कर. मी हाये जवळ. पण मी 'सोड' म्हटलं का सोडायचं. एक शब्द बोलायचा नाही."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत, गच्चीवर, काकांनी जिन्यातल्या दोन बादल्या आणून ओतल्या आणि वाळूचा ओटा केला. त्यावर लॅपटॉप. तिसरी बादली गुडघ्याशी. मी पेन ड्राइव्ह लावला आणि फाईली ओढल्या. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. मुंगीसारखी. खालच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह झपाट्यानं खाली येत होतं, आणि पट्टी सरकता सरकत नव्हती. मी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. काका दोन्हीकडे बघत नव्हते. डोळे मिटून, हाताची पाठ लॅपटॉपच्या बुडाशी धरून, कान देऊन बसले होते. ऊन मी म्हणत होतं. घाम माझ्या हनुवटीवरून बटणांवर पडला.

प्रकरणं पेन ड्राइव्हवर गेली. तपासण्यांचे तक्ते गेले. गावांचे फोल्डर एकेक करून जाऊ लागले. दर्यापूरकडची गावं. मूर्तिजापूरकडची गावं. पट्टी शेवटाकडे आली. आणि मला वास आला, गोडसर, नेलपॉलिशसारखा. काही जळतंय असा नाही, काही पिकलंय असं वाटावं तसा.

"सोड."

"काका, थोडंच राहिलं. बघा ना, एवढंच—"

"सोड!"

इतक्या महिन्यांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. पेन ड्राइव्ह त्यांनीच उपटला, माझ्या हातात कोंबला, आणि दुसऱ्या हातानं मला असं ढकललं की मी टाकीला जाऊन आपटले. "तोंड फिरव! श्वास घेऊ नको!"

आधी फुसकारा ऐकू आला. प्रेशर कुकरची शिटी अर्ध्यावर अडकावी तसा. मग बटणांच्या मधून पांढरा धूर, जाड, आणि त्यात एकदम ज्योत. फार मोठी नव्हती. पण ती वरून खाली, आतून बाहेर, स्वतःच्या मनानं चालत होती. ज्या पडद्यावर मी क्षणापूर्वी बघत होते तो मेणासारखा वाकला. काकांनी लांबून, कडेकडेनं बादली ओतली. वाळूखालून धूर येत राहिला, पुन्हा एकदा भडका उडाला, पुन्हा वाळू. कोथिंबिरीची बादलीही त्यात गेली.

काकू धापा टाकत वर आल्या तेव्हा गच्चीवर वाळूचा एक ढीग होता आणि काका त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. काकूंनी त्यांचे हात आपल्या पदरात धरले.

"भाजलं का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "आगीचा एवढाच आवाज असते? फोनवर तं लय मोठा वाटे मले."

प्रबंधाचं काय झालं ते आधी सांगून टाकते. पेन ड्राइव्हवर जवळजवळ सगळं आलं होतं. शेवटचं एक फोल्डर अर्धवट होतं, चार-पाच गावांच्या विहिरींचं. मॅडमना फोन केला तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "तुला काही झालं नाही ना?" आणि मुदत स्वतः वाढवून आणली. मैत्रिणीचा लॅपटॉप मिळाला. त्या गावांना मी पुन्हा गेले, पाऊस पडायच्या आत पाणी गोळा केलं. आता मी अमरावतीला शिकवते. नोकरी बरी आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारनंतरचं.

रात्री आम्ही तिघं खालीच जेवलो. काका दोनदा भात घेऊन जेवले आणि आडवे झाले. मला वर, त्या वासात, झोपायचं धाडस नव्हतं, म्हणून मी काकूंच्या शेजारी गादी टाकली. सकाळी काकूंनी मला हलवून जागं केलं. ऊन अंगणात आलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"उठ वं. हे उठले नाही अजून."

"झोपले असतील, काकू."

"हे झोपत नाहीत!" त्या कुजबुजल्या. "लगन झालं तवापासून एक दिवस माह्या मागून उठले नाहीत. अंधारात उठतात, घरभर फिरतात. मी हाक मारली दोनदा. तू पाय. माह्यानं नाही होत."

कालचा धूर यांच्या छातीत गेला असेल, आपल्यामुळं गेला असेल, हेच डोक्यात. आतल्या खोलीत काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जवळ गेले. काही हालचाल दिसेना. कूलरचा आवाज इतका की श्वास ऐकू येईना. मी कूलर बंद केला.

शांततेत आधी काहीच नव्हतं. मग आला, खोल, संथ, घोरण्याच्या अलीकडचा एक श्वास. मग दुसरा. काकांनी झोपेतच कूस बदलली, एक हात उशीखाली घातला, आणि तोंड थोडं उघडं ठेवून पुन्हा गाढ झाले. लहान मुलं झोपतात तसे.

काकू दारातच खाली बसल्या. तोंडावर पदर घेतला. मला कळेना त्या हसतायत की रडतायत. बाहेर दूधवाल्यानं फाटक वाजवलं. काकू झटकन उठल्या, अनवाणी अंगणात धावल्या आणि तोंडावर बोट ठेवून त्याला म्हणाल्या, "हळू रे बाप्पा. माणूस झोपून हाये घरात."